आठ प्रहरांची तबकडी

कोल्हापुरातल्या कुठल्याही ऑर्केस्ट्रात जाऊन 'रोलँड कुठं आहे?' असं विचारा, वादक ऑक्टोपॅडकडे बोट दाखवतो. आठ चौकोनांची ती काळी पाटी स्टँडवर ठेवलेली असते आणि दोन काठ्या घेऊन एक पोरगा तिच्यातून ढोलकी काढतो, संबळ काढतो, हलगीसुद्धा काढतो. गणपतीतला कार्यक्रम असो, हळदीची रात्र असो की भजनी मंडळाची स्पर्धा, पॅडवाल्याशिवाय सुपारी पक्की होत नाही. ओसाकात इकुतारो काकेहाशी यांनी १९७२ साली सुरू केलेली ही जपानी कंपनी आमच्या पेठांत इतकी मुरली आहे की तिचं परकेपण कुणाला आठवतही नाही.

पहिला ऑक्टोपॅड १९८५चा. त्याच्या तीन वर्षं आधी, १९८२ साली, याच कंपनीची तीन नवी यंत्रं घेऊन मुंबईतल्या एका वादकाने दहा राग वाजवले. चरणजीत सिंग हे त्यांचं नाव. एचएमव्हीने एलपी काढली आणि तिला नाव दिलं 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट'. दहा राग आणि डिस्कोचा ठेका. तबकडी आली आणि गेली. दुकानदारांनी मागवली नाही, रसिकांनी विचारली नाही. अठ्ठावीस वर्षांनी ती हॉलंडमधून पुन्हा निघाली, तेव्हा युरोपातले संगीत-समीक्षक थक्क झाले आणि जगभरातल्या नृत्यसंगीताच्या चाहत्यांनी तिला डोक्यावर घेतलं.

गेली काही वर्षं मी या तबकडीवर लिहिलेलं बरंच वाचलं. त्यात कौतुक होतं, संशय होता, वादही होता. पण ज्या प्रश्नाने आमच्याकडच्या कुठल्याही श्रोत्याने सुरुवात केली असती, तो प्रश्न त्यात फार कमी वेळा भेटला. या वाजवण्यात रागाचं काय झालं? हा लेख त्या प्रश्नासाठी आहे. तो कोल्हापुरात बसून विचारायला कारण आहे. यंत्र आणि सूर यांचं भांडण या गावाने फार पूर्वी मांडलं, लढलं आणि आपल्या परीने मिटवलंही.

*

चरणजीत सिंग यांचं नाव रसिकांना माहीत नसलं तरी त्यांचं वादन सगळ्यांनी ऐकलेलं आहे. साठच्या दशकापासून ते मुंबईच्या फिल्मी वाद्यवृंदांत होते. शंकर-जयकिशन, सचिनदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल, राहुलदेव बर्मन अशा संगीतकारांकडे त्यांनी वाजवलं. बास गिटार आणि गिटार ही त्यांची वाद्यं. शिवाय ट्रान्झिकॉर्ड, म्हणजे अकॉर्डियनसारखं दिसणारं इलेक्ट्रॉनिक वाद्य. नवं वाद्य बाजारात आलं की ते पहिल्यांदा ज्यांच्या हातात दिसायचं, अशा मोजक्या वादकांपैकी ते एक. फिल्मी गाण्यांच्या नुसत्या वाद्यांवर वाजवलेल्या रेकॉर्डीही त्यांच्या नावावर होत्या आणि लग्नसमारंभांत वाजवणारा त्यांचा स्वतःचा वाद्यवृंद होता.

ते दिवस डिस्कोचे होते. १९८० साली 'कुर्बानी' आला आणि बिद्दू यांनी केलेलं, नाझिया हसन हिने गायलेलं गाणं घरोघरी पोचलं. १९८१ साली नाझियाचा 'डिस्को दीवाने' आला. १९८२च्या डिसेंबरात 'डिस्को डान्सर' आला आणि बप्पी लाहिरी गल्लोगल्ली वाजू लागले. स्टुडिओत रोज तोच ठेका वाजत असताना चरणजीत यांना वाटलं, हा ठेका घेऊन वेगळं काही करून पाहावं. पुढे मुलाखतींत त्यांनी हे अगदी साधेपणाने सांगितलं आहे. यंत्रं नवी होती, घरी बसून ती एकमेकांना जोडून पाहिली, कानाला बरं वाटलं, म्हणून रेकॉर्ड केलं. नवा संगीतप्रकार काढतो आहोत असा कुठलाही आव त्यात नव्हता.

ती तीन यंत्रं समजून घेतल्याशिवाय पुढचा वाद कळणार नाही.

पहिलं टीआर-८०८. हे तालयंत्र १९८० साली बाजारात आलं. खऱ्या ढोलाचा आवाज त्यात साठवलेला नव्हता, वीजमंडलातूनच ठोका, टाळी, झांज तयार व्हायची. म्हणून तो ठोका ढोलासारखा न वाटता ८०८सारखाच वाटायचा, आणि आजही तसाच वाटतो. दुसरं टीबी-३०३. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला साथीला बास मिळावा म्हणून केलेली ही चांदीच्या रंगाची छोटी पेटी. तिच्यात सोळा पायऱ्यांत एकेक सूर भरायचा, मग ती तेच आवर्तन फिरवत राहते. एका सुरावरून पुढच्यावर घसरत जाण्याची सोय तिच्यात आहे. तिसरं ज्युपिटर-८, हा मोठा सिंथेसायझर. त्यात एक सोय अशी की चार सुरांवर बोटं ठेवली की यंत्र ते सूर एकामागून एक, ठरलेल्या क्रमाने, लयीत वाजवत राहतं.

आता हेच आपल्या शब्दांत मांडून पाहा. ठोका म्हणजे ठेका. सोळा पायऱ्यांचं फिरणारं चक्र म्हणजे आवर्तन. सुरावरून सुरावर घसरणं म्हणजे मींड. आणि बोटांखालचे सूर ठरल्या क्रमाने उलगडणं म्हणजे आपले पलटे. रागसंगीतात वाढलेल्या माणसाच्या हाती ही यंत्रं आली, तेव्हा त्याला ती ओळखीची वाटली असतील तर त्यात नवल नाही.

*

जाहिरातीत सांगितलेलं काम टीबी-३०३ला जमलं नाही. बासगिटारची बरोबरी तिला करता आली नाही, विक्री मंदावली आणि १९८४ साली उत्पादन थांबलं. मग ही पेटी अमेरिकेत जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागली आणि शिकागोतल्या कृष्णवर्णीय तरुणांच्या हाती लागली. डीजे पिअर, स्पँकी आणि हर्ब जे या तिघांच्या 'फ्यूचर' गटाने तिची बटणं पिळून पिळून एक चिरकणारा, वळवळणारा आवाज काढला. त्यांची 'ॲसिड ट्रॅक्स' ही तबकडी १९८७ साली निघाली. त्या आवाजावरून 'ॲसिड हाऊस' हे नाव रुळलं आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत इंग्लंडची तरुण पिढी त्यावर रात्र रात्र नाचली.

एडो बाऊमन हे डच संग्राहक. हिंदी चित्रपटांच्या जुन्या रेकॉर्डी शोधत ते भारतात फिरत. २००२ साली दिल्लीतल्या एका दुकानात त्यांना चरणजीत यांची ही एलपी सापडली. तबकडी लावल्यावर त्यांच्या कानांनी जे ओळखलं ते आपल्या कानांनी ओळखलं नसतं. ३०३ आणि ८०८ एकत्र, अखंड फिरणारं आवर्तन, सरळ चार ठोके. हा तर शिकागोचा आवाज! पण तबकडीवर साल १९८२. त्यांनी चरणजीत यांना मुंबईत शोधून काढलं आणि २०१० साली आपल्या 'बॉम्बे कनेक्शन' या कंपनीतर्फे ती पुन्हा काढली.

मग प्रतिक्रियांचा पूर आला. समीक्षकांचं पहिलं वाक्य जवळपास सगळीकडे एकच होतं. ॲसिड हाऊस शिकागोत जन्मण्याच्या पाच वर्षं आधी मुंबईत जन्मलं. 'गार्डियन'ने २०११ साली चरणजीत यांच्यावर लेख छापला, त्याचाही सूर हाच. चाहत्यांतल्या काहींना हे खरंच वाटेना. कुणीतरी आजच्या काळात हे बनवून जुन्या वेष्टनात घातलं आहे, 'ॲफेक्स ट्विन'सारख्या कुणा कलावंताची ही करामत असणार, असा संशय बोलला गेला. मूळ एलपी हाती आल्या, चरणजीत स्वतः समोर आले, आणि तो संशय मावळला. पण त्यामागची समजूत विचार करायला लावते. १९८२च्या मुंबईत एक शीख वादक इतकं पुढचं वाजवू शकतो, हे पटणं त्यांना अवघड गेलं.

दुसरा पक्ष जाणकारांचा होता आणि त्यांचं म्हणणं वजनदार आहे. ॲसिड हा नुसता पेटीचा आवाज नव्हे, ते म्हणतात. बटणं फिरवत फिरवत तो आवाज वाजता वाजता वाकवणं हा त्याचा प्राण. चरणजीत यांनी ३०३ बासच्या साथीसाठीच वापरली. शिवाय हाऊस संगीत शिकागोतल्या कृष्णवर्णीय आणि समलिंगी तरुणांच्या क्लबांतून आलं. त्या अंधाऱ्या खोल्यांत त्यांना जे बाहेर मिळत नव्हतं ते मोकळेपण होतं. ते ज्यांनी घडवलं त्यांच्याकडून ते काढून घेऊन मुंबईच्या नावावर करणं योग्य नाही. शिकागोच्या मुलांनी ही तबकडी ऐकलेली नव्हती आणि चरणजीत यांना शिकागोची कल्पना नव्हती. एका विहिरीत दोन बाजूंनी दोन मोटा सुटल्या, असं फार तर म्हणता येईल.

मला हा दुसरा पक्ष पटतो. 'आम्ही तुमच्या आधी' हे ऐकायला गोड वाटतं, पण त्या गोडीत तबकडी ऐकायची राहून जाते. चरणजीत ॲसिड हाऊस वाजवायला बसलेच नव्हते. ते भैरव वाजवायला बसले होते, तोडी वाजवायला बसले होते. ज्याने जे मांडलं त्यावर त्याला दाद द्यावी किंवा दोष द्यावा.

*

आपल्याकडे मात्र १९८२ साली दादही नव्हती, दोषही नव्हता. शास्त्रीय संगीताचे जाणकार 'डिस्को' हा शब्द वाचून थांबले असतील आणि डिस्कोचे चाहते 'राग' हा शब्द वाचून. जी गोष्ट कुठल्याच कप्प्यात बसत नाही तिच्यावर लिहायचं कुणी? तबकडी दोन्ही घरांच्या उंबरठ्यावर राहिली.

ही एकाच तबकडीची कथा नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, एनआयडीत, १९६९ साली मूग सिंथेसायझर आला होता. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी त्याभोवती स्टुडिओ उभारला आणि गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा अशा मंडळींनी तिथे ध्वनीचे प्रयोग केले. त्या फिती संस्थेच्या संग्रहात पडून होत्या. ब्रिटिश कलावंत पॉल पर्गस यांनी त्या शोधल्या आणि २०२३ साली त्यांतल्या काही रचना प्रकाशित झाल्या. बंगाली गायिका रूपा बिस्वास यांची 'डिस्को जॅझ' कॅनडातल्या कॅलगरीत मुद्रित झाली, सरोदवर आशीष खान. सालही तेच, १९८२. तीही विस्मरणात गेली आणि २०१९ साली अमेरिकेतल्या एका कंपनीने पुन्हा काढली, तेव्हा जगभरातल्या तरुणांनी ती उचलून धरली.

तीनही वेळा शोधणारा बाहेरचा. त्यांच्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. त्यांनी शोधलं नसतं तर हे ऐकायला मिळालं नसतं. पण शोधणाऱ्याचे कान त्याच्या गावाचे असतात. त्याला जे ऐकू आलं ते त्याने सांगितलं. आपल्याला काय ऐकू येतं, हे आपण सांगायचं आहे.

*

कोल्हापूरला हे सांगण्याचा अधिकार आहे, असं मी म्हणालो. आता कारण सांगतो.

१८८३ पासून या गावात गायन समाज देवल क्लब आहे. १८९५ मध्ये शाहू महाराजांनी उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांना दरबारात आणलं आणि जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी इथे रुजली. आज आपण तिला परंपरेचं शिखर मानतो. पण ती गायकी घडली कशी? एका संस्थानात सलग गाऊन खाँसाहेबांचा आवाज बसला, तो पूर्वीसारखा परत आला नाही. जे गळ्यात उरलं होतं त्यातून त्यांनी नवी वाट काढली. लयीशी घट्ट बांधलेली, पेचदार, न थांबणारी ती गायकी म्हणजे बिघडलेल्या गळ्यावर बुद्धीने मिळवलेला विजय होता. साधनाची मर्यादा आली म्हणून राग आटत नाही, गाणारा खरा असेल तर त्याला दुसरं पात्र सापडतं, हे कोल्हापूरने शतकापूर्वी पाहिलं.

दुसरं उदाहरण पेटीचं. गोविंदराव टेंबे याच देवल क्लबात घडले. हार्मोनियम हे युरोपातून आलेलं, सूर खिळ्यासारखे ठोकून बसवलेलं वाद्य. त्यात श्रुती नाही, मींड नाही, असा जाणकारांचा आक्षेप. १९४० साली तर आकाशवाणीने तिला दार बंद केलं आणि ते सत्तरच्या दशकात कुठे किलकिलं झालं. पण त्याच पेटीवर गोविंदरावांनी असं काही वाजवलं की ऐकणाऱ्याला गळा आठवावा. 'मानापमान'च्या चाली त्यांच्या. कोल्हापुरात 'प्रभात'ने केलेल्या 'अयोध्येचा राजा' या १९३२च्या बोलपटाचं संगीतही त्यांचं. खाँसाहेबांच्या गायकीवर जीव असलेला हा माणूस पेटी वाजवत होता, आणि त्यात त्याला विसंगती वाटली नाही.

तिसरं उदाहरण रस्त्यावरचं. मिरवणुकीत वाजणारा आपला बेंजो म्हणजे बुलबुलतरंग. टंकलेखन यंत्रासारखी बटणं दाबून वाजवायचा. त्याचं मूळ 'ताइशोगोतो' या वाद्यात आहे, जे १९१२ साली जपानमधल्या नागोयात तयार झालं. म्हणजे रोलँडच्या कितीतरी आधीच जपानच्या एका कारागिराची करामत आपल्या गल्लीत येऊन आपली झाली होती. आज बेंजो पार्टी म्हटल्यावर कोल्हापुरी माणसाच्या डोळ्यांसमोर जपान येत नाही, मिरजकर तिकटी येते.

आणि एक गोष्ट उलटी. अल्लादिया खाँसाहेबांनी स्वतःचं गाणं यंत्राला दिलं नाही. त्यांची एकही ध्वनिमुद्रिका नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांनी मात्र तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांत राग बसवला. त्यांचा भैरवीतला आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत गेला आणि आज सूर्यमालेच्या वेशीपलीकडे आहे. गुरूने यंत्र नाकारलं, शिष्येचा सूर यंत्रावर बसून ताऱ्यांकडे गेला. दोघांचाही मान या गावाने राखला. राग पाच मिनिटांत मावतो का, असं चरणजीत यांच्या तबकडीबद्दल कुणी विचारलं तर केसरबाईंच्या तबकड्या त्याहून लहान होत्या, एवढंच उत्तर पुरे.

*

यंदा भाद्रपदात मी ही तबकडी तिघांना ऐकवली.

पहिल्या एक गायनशिक्षिका. मंगळवार पेठेत चाळीस वर्षं शिकवतात, सगळे त्यांना बाई म्हणतात. कोपऱ्यात मिरजेचा तानपुरा गवसणीत होता आणि शिकवणीला इलेक्ट्रॉनिक तानपुरा चालू होता. मी भैरव लावला. दोन मिनिटांनी त्यांनी हात वर केला.

"हा ठोका बारीक करता येतो का? मला सूर ऐकू दे."

नाही म्हटलं, सगळं एकातच आहे.

"असू दे. रिषभ बघ. जागेवर आहे, पण झुलत नाही. भैरवाचा रिषभ झुलला पाहिजे." मग बराच वेळ ऐकून म्हणाल्या, "पण माणूस रागात आहे हो. रागाबाहेरचा सूर कुठं येत नाही, उगाच सजवत नाही. आणि हे खाली जे फिरतंय ना, ते पलटे आहेत. पोरांकडून मी रोज हेच घोटून घेते."

यंत्राबद्दल विचारलं, तेव्हा त्यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याकडे पाहिलं. "ते काय, झाडाला लागलंय? षड्ज यंत्राचा चालतो, मग बाकीचे सहा काय पाप करतात?"

दुसरे राजारामपुरीतले की-बोर्ड वादक. तीस वर्षं ऑर्केस्ट्रात. त्यांनी ऐकता ऐकता टेबलावर उजव्या हाताची बोटं चालवली आणि एकदम थांबले.

"साल काय म्हणालासा? ब्याऐंशी? मिडी तर त्र्याऐंशीला आलं. मग ही तीन यंत्रं एका लयीत बांधली कशी ओ?"

खरोखर, यंत्रांना एकमेकांशी बोलायला लावणारी मिडी ही सामाईक भाषा १९८३ साली आली. चरणजीत यांनी त्याआधीच्या तारा वापरून ८०८चा ठोका ३०३ला आणि ज्युपिटरला दिला. आज जे एका बटणावर होतं ते तेव्हा हाताने जुळवावं लागे, आणि मग त्याच्यावर राग चुकू न देता वाजवावं लागे. कुठल्याही परदेशी परीक्षणापेक्षा मला या वादकाची ही दाद मोठी वाटली, कारण ती हातांनी दिलेली होती.

तिसरा शिवाजी पेठेतला पोरगा. मंडळाच्या मिरवणुकीचं साउंड तोच लावतो. त्याला मी काहीच सांगितलं नाही, सरळ मालकंस लावला.

"एट-ओ-एट हाय की हे! कुणाचं हाय? बेस कमी ठेवलाय, पण ठोका सुटत न्हाई बघा." आणि शेवट आल्यावर, "नाद खुळा. आता परत लावा."

त्याच्या लॅपटॉपमधल्या बासच्या आवाजांत ८०८ नावाचा एक आवाज आहे. तो कुठल्या यंत्राचा, ते यंत्र कधीचं, हे त्याला माहीत नव्हतं. चरणजीत यांचं साल सांगितल्यावर तो गप्प झाला. त्याच्या वडिलांचं लग्नही तेव्हा झालं नव्हतं.

*

माझं स्वतःचं मत मांडतो. ज्या रागांची ओळख स्वरांच्या निवडीत आहे, ते या तबकडीत उजळून निघतात. मालकंस, कलावती, भूप, बैरागी हे पाचच स्वरांचे राग. जिना चढल्यासारखे स्वर, मधली मोकळी जागा, आणि खाली फिरणारं आवर्तन त्या मोकळ्या जागेत घुमतं. कलावतीत तर यंत्राचा कोरडेपणाच शोभून दिसतो. ज्या रागांचा जीव स्वर लावण्याच्या रीतीत आहे, ते हरवतात. भैरवाचं आंदोलन, तोडीचा उतरलेला गंधार, ललतातल्या दोन मध्यमांमधली ती चिंचोळी वाट, इथे पट्टीचा पक्का सूर अपुरा पडतो. सरळ ठोक्याचा धाक इतका सतत आहे की विसावा मिळत नाही. रागाला हवी असलेली स्तब्धता या तबकडीत नाही.

पण तिच्यात फसवणूकही नाही. रागाच्या नावाखाली एखादी लकेर घेऊन नाचगाणं केलेलं नाही. फ्यूजन म्हणून पुढे जे बरंच आलं, त्यात राग हा मसाल्यासारखा भुरभुरलेला असतो. इथे तो जेवणच आहे.

हे सगळं मी बाईंना सांगायला गेलो, तेव्हा त्यांनी वेष्टनामागची यादी मागितली. मी मोबाइलवर दाखवली. चष्मा लावून त्या एकेक नाव वाचू लागल्या. भैरव. ललत. भूपाळी. तोडी. मधुवंती. मग दुसरी बाजू. मेघमल्हार. यमन. कलावती. मालकंस. बैरागी.

"अरे, हे घड्याळ आहे."

मी पुन्हा पाहिलं. पहाटेचे भैरव आणि ललत. दिवस वर आल्यावर तोडी. दुपार कलताना मधुवंती. इथे तबकडी पालटायची. पाऊस पडून जातो, दिवेलागणीला यमन, रात्रीला कलावती, मध्यरात्रीला मालकंस, आणि शेवटी बैरागी, म्हणजे पुन्हा पहाट. जुळत नाही तो एक भूपच, तो रात्रीच्या पहिल्या प्रहरातला. पण मराठी कानाला भूपाळी म्हटलं की देवाला जागवायची वेळच आठवते, असं बाई म्हणाल्या आणि त्यांनी तोही हिशेबात बसवून टाकला. ज्या परीक्षणांनी ही तबकडी जगभर नेली, त्यांतल्या मी वाचलेल्या एकातही हा क्रम कुणाच्या नजरेला आला नव्हता. त्यांनी पाच वर्षं आधीचं पाहिलं, तबकडीतला दिवस त्यांना दिसला नाही.

पुनर्प्रकाशनानंतर चरणजीत यांनी सत्तरी ओलांडलेली असताना युरोपातल्या मंचांवर ही तबकडी पुन्हा वाजवली. नातवंडांच्या वयाची मुलं समोर नाचत होती. ५ जुलै २०१५ रोजी मुंबईत ते गेले. ज्या भाषांत 'प्रहर' हा शब्द आहे, त्या भाषांतली दाद त्यांना मिळायची राहिली.

म्हणून एक दिवस मी ही तबकडी त्यांनी लावलेल्या क्रमाने आणि वेळेने ऐकली. भैरव आणि ललत रंकाळ्यावर, संध्यामठाच्या बाजूला, पाणी अजून काळं असताना. भूपाळी अंबाबाईच्या देवळाकडे चालत जाताना. तोडी कचेरीच्या वेळेआधी. मधुवंती चारच्या सुमाराला, गल्ली झोपलेली असताना. पावसाची सर आली तेव्हा मेघ लावला. यमन दिवा लावल्यावर. कलावती गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर, म्हशींच्या रांगेशेजारी फेसाळ दुधाचा ग्लास हातात घेऊन. मालकंस बाराला, तेव्हा लांब कुठल्याशा मंडळात बेंजोचा सराव चालला होता आणि जपानची दोन वाद्यं, शंभर वर्षांपूर्वीचं एक आणि चाळीस वर्षांपूर्वीचं एक, एकाच रात्री एकाच पेठेत वाजत होती.

बैरागीसाठी पुन्हा रंकाळ्यावर गेलो. कोमल रिषभ लागला. तो झुलला नाही. पण पूर्वेकडे फटफटलं होतं, आणि वेळ बरोबर होती.